कोंडा झालाय? मग आधी तेल चोपडणं थांबवा

साताऱ्यात थंडी पडली की गडद स्वेटरच्या खांद्यांवर पांढरा भुगा दिसू लागतो आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "डोकं कोरडं पडलंय, तेल लाव." पहिली चूक इथेच होते.

कोंडा बहुतेक वेळा कोरडेपणाचा नसतोच. मॅलासेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर असते. टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते आणि ते फोडताना ओलेइक आम्ल तयार होतं. ज्यांना ते सोसत नाही, त्यांना खाज सुटते, त्वचेचे पापुद्रे वेळेआधीच निघू लागतात. अशा डोक्यावर रात्री चप्प तेल थापून झोपणं म्हणजे बुरशीला पंगतीला बसवणं. आजीला वाईट वाटेल, पण तेल लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर, तेही केसांच्या लांबीला. मुळांशी जिरवू नका.

खरा कोरडेपणाही असतो. भुगा बारीक, सुटा, हातपायही फुटलेले, तर तो कोरडेपणा. बंबातलं कढत पाणी थेट डोक्यावर घेणाऱ्यांना हा त्रास जास्त. पाणी कोमट करा. कोंड्याचे पापुद्रे मोठे, जरा पिवळसर असतात आणि खाजवलं की तेलकट होऊन नखात बसतात.

दुसरी चूक शाम्पूची. मेडिकलमधून 2 टक्के केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू आणायचा, फेस करायचा, लगेच धुवायचा आणि वर म्हणायचं, काही फरक नाही. कसा पडेल? औषध टाळूवर टिकलं पाहिजे. केस ओले करा, बोटांनी भांग पाडत शाम्पू थेट त्वचेपर्यंत न्या आणि 3 ते 5 मिनिटं राहू द्या. तेवढ्यात अंग घासून होतं. आठवड्यातून दोनदा, असं 2 ते 4 आठवडे. कोंडा गेला तरी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा, कारण बुरशी कायमची जात नाही. "एकदाच लावा, मुळापासून जाईल" असं कुणी सांगितलं, तर पैसे खिशातच ठेवा.

लिंबू चोळून उन्हात बसू नका. खाजवलेल्या त्वचेला ते झोंबतंच, शिवाय रस आणि ऊन मिळून त्वचा भाजते, डाग पडतात. एमआयडीसीत पाळीला जाताना ओल्या केसांवर हेल्मेट घालू नका, अस्तरही धुवत जा. आणि खाजेची कुठलीही ट्यूब मनाने लावू नका. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते.

महिनाभरात उतार नसेल, भुवयांत, नाकाच्या कडेला लालसर खवले दिसत असतील किंवा जाड चंदेरी खपल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सोरायसिस हा त्वचेचा आजारही असू शकतो. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा आणि तिथले केस तुटलेले असतील, तर थांबूच नका. तो बहुधा नायटा असतो. त्याला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं. कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, नायटा लागतो. त्या मुलाची फणी, टोपी, टॉवेल वेगळा ठेवा.