पोकेमॉन गोमध्ये फुकटात अलाकाझाम

पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये कडाब्रा या पोकेमॉनचा अलाकाझाम, म्हणजे त्याचं पुढचं रूप, करायला १०० कँडी (गेममधल्या गोळ्या) लागतात. मित्राशी ट्रेड (अदलाबदल) केलेला कडाब्रा मात्र शून्य कँडीत बदलतो. माचोक, ग्रॅव्हलर आणि हाँटरचंही तसंच.

दोघांची लेव्हल किमान १० हवी आणि फ्रेंड लिस्टमध्ये एकमेकांची नावं हवीत. साध्या ट्रेडला १०० मीटरच्या आत उभं राहावं लागतं. सोलापुरात एकजण सात रस्त्याला आणि दुसरा पार्क चौकात असेल तर जमणार नाही. मित्राचं नाव उघडा, ट्रेड दाबा, दोघांनीही कडाब्राच निवडा. दोघांकडे पकडलेल्या पोकेमॉनच्या यादीत तो आधीच नोंदलेला असेल तर प्रत्येकी १०० स्टारडस्ट (गेममधलं चलन) जातात.

खरी खोट पुढे आहे. ट्रेड होताच पोकेमॉनचे आयव्ही, म्हणजे त्याची ताकद ठरवणारे तीन आकडे, नव्याने ठरतात. त्यामुळे १५-१५-१५ चा, म्हणजे सर्वोत्तम आकड्यांचा कडाब्रा कधीच देऊ नका, त्याला कँडीच घाला. एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन पुन्हा देता येत नाही, म्हणजे चूक परत फिरवायची सोयच नाही. हा नियम आम्हाला अजिबात पटत नाही.

ट्रेड केल्यावर मिळणारी कँडी मात्र अंतरावर ठरते, आणि तेही दोन्ही पोकेमॉन कुठे पकडले त्यावर. दोन्ही सोलापुरातले असतील तर १, एक अक्कलकोटचा असेल तर २, पुण्याचा असेल तर ३. म्हणून गावाला पकडलेले साधे पोकेमॉनही ट्रेडसाठी राखून ठेवा.