मुलीचं रिसेप्शन बेळगावात करताय? मग एवढं ऐका

गेल्या मे महिन्यात पुतणीचं रिसेप्शन उरकलं. वहिनींनी हिशेबाची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भावजी, आता तुम्हीच बघा." बघितलं. त्यातून कळलं ते सांगतो.

पत्रिका मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत छापायची. आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं, पाव्हणे धारवाडचे. इकडं 'स्वागत समारंभ', तिकडं 'आरतक्षते'. कन्नड मजकूर मात्र कन्नड घरात वाढलेल्या माणसालाच तपासायला द्या. त्या लिपीतला 'व' आणि 'म' जुळ्या भावांसारखे दिसतात. आमच्या फलकावर 'विवाह'चा 'विमाह' झाला होता, आणि तो व्याह्यांनीच पहिल्यांदा वाचला. हसले, म्हणून निभावलं.

आता मुख्य गोष्ट, स्टेज. आधी कागदावर गणित मांडा. सहाशे माणसं, चार-चारचे घोळके म्हणजे दीडशे फोटो. एकेकाला पाऊण मिनिट धरलं तरी जवळजवळ दोन तास, तेही नवरा-नवरी पाणीसुद्धा न पिता. वर मावशीला पुन्हा एकदा चष्मा काढून फोटो हवा असतो. म्हणून रांगेच्या तोंडाशी घरातलाच एक खमका माणूस उभा करा. आमच्याकडं धाकट्या आत्या होत्या. "आहेर इकडं द्या, डावीकडनं उतरा, जेवण तिकडं," एवढंच म्हणायच्या, पण आवाज असा की फोटोग्राफरही दचकायचा. जेवणाची वाट स्टेजच्या रांगेला कुठंही छेदता कामा नये. आमची पहिला अर्धा तास छेदत होती. आहेराचं पाकीट हातात घेऊन लोक मठ्ठ्याच्या रांगेत उभे! आत्यांनीच मग दोन खुर्च्या आडव्या टाकून वाट वळवली.

गोव्याच्या पाहुण्यांना आधी स्टेजवर घ्या आणि आधी जेवू घाला. त्यांना रात्री चोर्ला घाट उतरायचा असतो, लक्ष सगळं घड्याळाकडं.

मे महिन्यात संध्याकाळी वळीव येणारच असं धरून चाला. उघड्या लॉनवर जेवण ठेवायचा मोह आवरा, निदान ताटांच्या टेबलांवर तरी पत्रा हवा. आमच्याकडं साडेआठला वारा सुटला, लाईट गेली. जनरेटर होता, डिझेलही होतं, तो चालू करणारा माणूस मात्र आत मसालेभात खात होता. त्याला आधीच जेवू घाला आणि यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसवा.

मांड्यांचं मात्र नीट ऐका. बेळगावचं लग्न म्हटलं की मांडे हवेतच. पण पीठीसाखर घातलेला तो कागदासारखा पापुद्रा दमट हवेत तासाभरात मान टाकतो. झाकणाच्या डब्यात ठेवायचे, लागतील तसेच बाहेर काढायचे. आमच्या आचाऱ्यानं कौतुकानं टेबलावर रास रचली आणि पावसानं तिची पार रया घालवली. "काका, मांडे वाकायलेत की हो!" म्हणत वाढपी पोरगा धावत आला. कुंद्याला, म्हणजे बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईला, ही भीती नाही. जाताना हातात द्यायच्या डब्यांत तोच भरा.

एक काम सगळेच विसरतात. नवरा-नवरीची दोन ताटं पहिल्या पंगतीच्या वेळीच झाकून बाजूला ठेवा. आमची राहिली. अकराला ती दोघं खाली उतरली तेव्हा भांड्यात दहीभात तेवढा उरला होता. धारवाडच्या विहीणबाई "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारत आल्या, आणि मला मान वर करवेना. शेवटी आत्यांनीच गरम दूध आणि तूप मागवलं, ते मान टाकलेले मांडे त्यात कुस्करले आणि एकाच वाडग्यात दोन चमचे घालून दोघांपुढं ठेवले. जावयानं वाडगा चाटूनपुसून साफ केला, आणि अजून आहे का म्हणून विचारलं.