नस कापल्यानंतर कॅल्शियम काय करते: समजुतीतल्या आणि तपासणीतल्या या चुका टाळा

नारळ सोलताना किंवा झाडी छाटताना कोयता निसटून कोपराखाली हात कापला जाणे, ही गोव्याच्या गावांत नवलाची गोष्ट नाही. जखमेला टाके पडतात, करंगळी मात्र बधिरच राहते, आणि मग घरातले कोणीतरी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवते. ‘कॅल्शियमने नसा मरतात’ असे कुठेतरी वाचलेले दुसरे कोणी सकाळचे नाचणीचे तिझानही (पातळ लापशी) बंद करायला सांगते. दोन्ही सल्ले एकाच गोंधळातून निघतात, तो म्हणजे पोटात जाणारे कॅल्शियम आणि नसेतल्या बारीक तंतूच्या आत शिरणारे कॅल्शियम यांची गल्लत.

रक्तातल्या कॅल्शियमचे प्रमाण पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व मिळून १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात राखतात. तंतूच्या बाहेर मुक्त कॅल्शियम १ ते २ मिलिमोलार असते, तर आत ते जेमतेम १०० नॅनोमोलार, म्हणजे सुमारे दहा हजार पट कमी असते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतीत, बांध आणि मानस (पाण्याची झडप) खारे पाणी शेताबाहेर ठेवतात, तसेच काम तंतूचे पटल (पातळ आवरण) आणि त्यातले पंप अहोरात्र करीत असतात. बांध फुटल्यावर नदीत पाणी किती होते याला महत्त्व उरत नाही. म्हणून गोळ्यांनी नसेची झीज थांबत नाही आणि तिझानाने ती वाढतही नाही. हाड मोडल्यामुळे डॉक्टरांनी कॅल्शियम दिले असेल, तर नसेच्या भीतीने ते स्वतःहून बंद करू नये. रक्तातले कॅल्शियम खरोखरच घटले, तर ओठांभोवती आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात; एकाच हाताच्या करंगळीचा बधिरपणा हे त्याचे लक्षण नव्हे.

दुसरी चूक पाठ्यपुस्तकाच्या जुन्या वाचनातून येते. ऑगस्टस वॉलर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पुढच्या तुकड्याची झीज वर्णन केली, आणि मूळ चेतापेशीपासून तुटलेला तंतू उपासमारीने मरतो, असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. १९८९ मध्ये उंदरांचा एक वाण समोर आला. साध्या उंदरात तुटलेला तंतू दीड-दोन दिवसांत विखरतो, पण या वाणात तो दोन आठवड्यांहूनही अधिक काळ टिकत होता. उपासमार दोन्हीकडे सारखीच असताना असे व्हावे, याचा अर्थ तंतूत स्वतःला मोडून टाकणारी यंत्रणा आहे. पेशीकडून सतत येणारे एनएमएनएटी-२ हे अल्पायुषी विकर (एन्झाइम) तुटवड्यात आले की सार्म-१ हे प्रथिन जागे होते, तंतूतले एनएडी हे ऊर्जानिर्मितीला लागणारे रसायन संपवते, ऊर्जा घटते, पंप थकतात, आणि मग कॅल्शियम आत येऊन कॅल्पेन नावाच्या विकरांना चालना देते. ही विकरे न्यूरोफिलामेंट आणि स्पेक्ट्रिन, म्हणजे तंतूचा सांगाडाच, कापून टाकतात. साखळीच्या शेवटच्या कडीला पहिले कारण मानणे ही माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे.

मात्र कॅल्शियम शेवटीच येते, असेही म्हणता येत नाही. ते दोनदा येते. कापल्यानंतर सेकंदांत ते तुटलेल्या टोकांतून आत घुसते; उंदराच्या मज्जारज्जूत टोकांजवळचे काहीशे मायक्रोमीटर अर्ध्या तासात विरताना दिसले आहेत. त्यानंतर बराच काळ शांतता असते, आणि तंतू विखरण्याच्या जरा आधी दुसरी लाट संपूर्ण लांबीभर पसरते. तिला बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमबरोबरच तंतूतले साठेही हातभार लावतात. पहिली लाट नुसती घातकही नसते, कारण फाटलेले पटल सांधायला आणि पेशीकडच्या टोकाला नवा अंकुर फुटायला कॅल्शियमच लागते. ते सरसकट अडवणारे औषध शोधायचे, तर दुरुस्तीही अडते. रक्तदाबासाठीच्या कॅल्शियम रोधक गोळ्या नसेसाठी घेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. श्लेफर आणि बंज या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे कॅल्शियम काढून घेतलेल्या द्रावणात कापलेले तंतू विखरायला वेळ लागतो. परंतु अखंड दिसणारा तंतू जिवंत आहे असे गृहीत न धरता त्यातले एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन, हेही मोजावे.

रुग्णाच्या दृष्टीने या मधल्या शांततेत खरी अडचण आहे. कोपराखाली नस पूर्ण तुटली असली, तरी दुसरी लाट येईपर्यंत पुढचा तुकडा विद्युत संदेश वाहतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत नसेची विद्युत तपासणी करताना मनगटाशी विजेची हलकी चेतना दिली तर करंगळीकडचा स्नायू व्यवस्थित हलतो आणि अहवाल ‘नॉर्मल’ वाटतो. कोपराशी चेतना दिल्यास प्रतिसाद येत नाही, पण नस नुसती दबून संदेश अडला असेल तरीही चित्र असेच दिसते. माणसात स्नायूंचा प्रतिसाद साधारण आठवड्याभरात आणि संवेदनेचा सुमारे दहा-अकरा दिवसांत मावळतो. स्नायूत सुई घालून केलेल्या तपासणीत स्नायूचे बदल दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. केवळ दाब किंवा ताण बसलेल्या रुग्णाने घाईने काणकोणहून दूर बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाऊन तपासणी केली, तर बहुधा तोच हेलपाटा पुन्हा पडतो.

कोयत्याच्या उघड्या जखमेचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे यंत्राच्या अहवालासाठी तीन आठवडे थांबणे चुकीचे ठरते. बोट बधिर असेल किंवा बोटे फाकवता येत नसतील, तर टाके पडण्याआधीच तसे सांगावे आणि शल्यविशारदाकडून नस पाहून घ्यावी. नंतर तपासणी झालीच, तर चिठ्ठीवर जखमेची तारीख लिहून घ्यावी आणि अहवालात कोपर व मनगट या दोन्ही ठिकाणचे आकडे आहेत का, ते पाहावे.