दुरुस्तीनंतर इंकजेट प्रिंटर कागद ओढणाऱ्या मोटरची चूक दाखवत असेल तर

शाई फवारणारे हेड साफ केले, वाया गेलेली शाई शोषणारा पॅड बदलला किंवा आत अडकलेला कागद काढला, सगळे भाग जागेवर बसवून स्क्रू आवळले आणि प्रिंटर चालू करताच आतून एक छोटासा आवाज होऊन दिवे लुकलुकू लागले, असा प्रसंग दुरुस्तीत नेहमी येतो. कॅननच्या पिक्स्मा यंत्रांत कागद ओढणाऱ्या मोटरची ही चूक बहुधा ६००० या अंकाने दिसते. ५१०० दिसला, तर दोष हेड वाहून नेणाऱ्या कॅरेजचा आहे आणि त्याचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. पुष्कळ जण येथे लगेच नवी मोटर मागवतात. दुरुस्तीपूर्वी कागद व्यवस्थित ओढला जात होता, तर मोटर नेमकी त्याच दिवशी जळण्याचा संभव थोडा असतो आणि ज्या भागाला आपला हात लागला तेथेच काहीतरी राहून गेल्याचा संभव मोठा असतो, म्हणून मोटरचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटर फिरली की नाही हे प्रिंटरला कसे कळते, ते आधी समजून घेतले पाहिजे. रोलरच्या एका टोकाच्या गिअरला लागून एक पातळ पारदर्शक चकती असते आणि तिच्या कडेने डोळ्यांना जेमतेम दिसतील इतक्या बारीक रेषा असतात. चकतीची कड सेन्सरच्या खाचेतून फिरते, रेषा प्रकाश अडवतात व सोडतात आणि त्यातून निघणारे स्पंद मुख्य बोर्ड मोजत राहतो. हे स्पंद अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, की बोर्ड मोटर थांबवतो. म्हणजे या चुकीचा अर्थ ‘मोटर बिघडली’ असा नसून ‘फिरण्याचा आदेश दिला, पण ठरल्याप्रमाणे फिरल्याची नोंद मिळाली नाही’ एवढाच आहे.

यासाठी प्रिंटर चालू केल्यावरचे पहिले काही क्षण कान देऊन ऐकावेत. रोलर एकदम जोरात फिरून झटक्यात थांबला, तर मोटर चांगली आहे, पण चकती वाचली जात नाही. मोटर कण्हल्यासारखा आवाज करून अडली, तर कोठेतरी यांत्रिक अडथळा आहे. काहीच हालचाल झाली नाही, तर केबल, बोर्ड किंवा मोटर यांच्याकडे वळावे. हा भेद आधी केला, तर निम्मी उघडझाक वाचते.

उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून पाचेक मिनिटे थांबावे. मग टॉर्चचा तिरपा उजेड पाडून चकती पाहावी. गिअरला लावलेले जास्तीचे ग्रीस उडून तिच्यावर बसते, शाईचा थेंब ओघळतो, किंवा झाकण काढताना आपल्याच अंगठ्याचा तेलकट ठसा उमटतो. तिळाएवढा डागही मोजणी चुकवायला पुरतो. डाग असेल, तर तंतू न सोडणारे मऊ कापड शुद्ध पाण्यात किंचित ओलसर करून अगदी हलक्या हाताने पुसावे आणि चकती पूर्ण वाळू द्यावी. थिनर किंवा तीव्र द्रावण मुळीच वापरू नये, कारण त्याने रेषाच निघून जाऊ शकतात आणि मग ती चकती कामाची राहत नाही. चकती सेन्सरच्या खाचेत आहे ना आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना न घासता फिरते ना, हेही पाहावे. दुरुस्तीत ती वाकून खाचेबाहेर गेलेली असणे ही चूक फार वेळा सापडते.

त्यानंतर चपट्या केबली पाहाव्यात. केबल एका बाजूने केसभर तिरकी बसली, तरी टोकाचा एखादा संपर्क सुटतो. ती काढून, टोक कोरडे व स्वच्छ आहे हे पाहून, कुलूपपट्टी (केबल दाबून धरणारी पट्टी) असल्यास ती उचलून सरळ शेवटपर्यंत घालावी. हे काम वीज चालू असताना कधीही करू नये, कारण त्यात बोर्डावरील मोटर चालवणारी चिप जाऊ शकते.

अडथळा शोधताना मोठा गिअर कागद पुढे सरकण्याच्या दिशेने बोटाने सावकाश फिरवावा. विरोध एकसारखा लागला पाहिजे. एका ठरावीक जागी अडखळत असेल, तर दात्यांत अडकलेला कागदाचा कपटा, निसटलेली स्प्रिंग किंवा राहून गेलेला स्क्रू शोधावा. अनेक प्रिंटरांत हीच मोटर हेड साफ करणारा पंपही चालवते, त्यामुळे वाळलेल्या शाईने पंप घट्ट झाला असला तरी चूक मात्र कागदाची दिसते, आणि ही गोष्ट अनुभवी माणसाच्याही नजरेतून निसटते.

एवढे करूनही हालचाल नसेल, तर मोटरची जोडणी सोडवून मल्टिमीटरने तिच्या दोन टोकांतील रोध मोजावा. त्या दोन टोकांत विजेची सलग वाटच मिळत नसेल, तर मोटर बदलावी. मोटर ठीक असेल, तर दोष बोर्डाकडे जातो आणि तेव्हा बोर्डाची किंमत विचारूनच पुढे जावे.

चूक गेल्यावर आधी एकच कोरा कागद ओढवून पाहावा आणि मग पूर्ण पानभर गडद रंगाचा पट्टा छापावा. त्यात सारख्या अंतरावर तीच आडवी रेघ पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर चकतीवर अजून डाग आहे.