प्लॉटरवर नकाशे आणि एरियल फोटो काढताना

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नकाशा हा मोजायचा कागद आणि एरियल फोटो (वरून, आकाशातून काढलेला) हा बघायचा, त्यामुळे दोघांचा पेपर वेगळा, सेटिंग वेगळं आणि चेक करायची पद्धत पण वेगळी. नवीन पोरं प्लॉटरवर, म्हणजे रोलवर छापणाऱ्या मोठ्या प्रिंटरवर, बसली की दोन्हीला एकच प्रीसेट (तयार सेटिंग) ठोकतात, मग गिऱ्हाईक फूटपट्टी लावून बघतं आणि बोंब होते.

मशीन ३६ इंची (रोलची रुंदी) असलं की बहुतेक कामं निभतात. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिमी आणि ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी, आरामात बसतं. फोर्टमधल्या गाळ्यात ४४ इंची मशीन घुसवायच्या आधी पुढे कागद पडायला जागा राहते का ते बघा, मशीनच्या मापात ती जागा कोणी धरत नाही. शाई शक्यतो पिगमेंटवाली (बारीक रंगकणांची, डायवाली म्हणजे पाण्यात विरघळणारी नको), कारण साइटवर जाणाऱ्या नकाशावर जूनमध्ये पाण्याचे दोन थेंब पडणारच आणि डायवाली शाई तिथेच पसरते.

आता नकाशा. पीडीएफ उघडलं की 'फिट टू पेज' आधी बंद करा, स्केल १०० टक्के. हे एक बटण चालू राहिलं तर १:५००० चा नकाशा १:५२०० होतो आणि दिसायला अगदी तस्साच दिसतो, डोळ्याला कळतच नाही. म्हणून लेआउटमध्येच कोपऱ्यात बरोब्बर १० सेंमीची एक आडवी आणि एक उभी रेघ टाकून ठेवा, प्रिंट निघाली की स्टीलच्या पट्टीने दोन्ही मोजा. आडवी बरोबर आणि उभी कमी-जास्त आली तर पेपर फीड कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन कागद किती पुढे सरकवतं त्याचं माप, गंडलंय, मेनूत जाऊन त्याच रोलवर परत करा, रोलचा ब्रँड बदलला की पण करा. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकल्या तर मशीनला शिव्या घालू नका, कुठेतरी फिट टू पेज राहिलंय.

आणि हो, मुंबईत कागद स्वतःच वाढतो. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की साधा बाँड पेपर ती पितो आणि फुगतो, रोलच्या लांबीपेक्षा रुंदीत जास्त. ए-झिरोवर एक-दोन मिमी इकडचं तिकडे सहज होतं, १:५००० ला दोन मिमी म्हणजे जागेवर १० मीटर, एखादी अख्खी गल्ली! रात्री एसी बंद, सकाळी चालू, असं केलंत की एकाच रोलवरच्या दोन प्रिंट जुळत नाहीत. उघडा रोल मशीनवर ठेवून घरी जाऊ नका, काढून प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेल टाकून गुंडाळा, नवीन रोल आणला की दिवसभर त्याच खोलीत पडू द्या मग चढवा. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता राहिली तर उत्तम, साधा हायग्रोमीटर (ओल मोजायचं यंत्र) भिंतीला लावून टाका. ज्याला खरंच कागदावर मोजायचंय त्याला पॉलिएस्टर फिल्मवर काढून द्या, ती ओलीने जवळपास हलत नाही. महाग पडते, पण ते आधीच सांगायचं.

मुंबईकरांची एक नेहमीची फर्माईश, सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० शीटवरून अख्खी मुंबई भिंतीवर. गोची अशी की १९ अंश अक्षांशाची रेघ परळ-लोअर परळच्या आसपास शहर कापत जाते, जुन्या नंबरांत वरचं ४७ ए/१६ आणि खालचं ४७ बी/१३, म्हणजे दादर एका शीटवर आणि कुलाबा दुसऱ्या. स्कॅन तसेच चिकटवू नका, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जिओरेफरन्स करा, म्हणजे अक्षांश-रेखांशावर बसवा, बाहेरची कॉलर (नकाशाभोवतीची माहितीची पट्टी) छाटा, मग जोडा. एक शीट साधारण ५३ बाय ५५ सेंमी, एकाखाली एक ठेवली की २४ इंची रोलवर पण बसतात.

फोटोचं गणित निराळं. जागेवरचा एक पिक्सेल किती सेंटीमीटरचा हवा ते असं काढा, स्केलचा आकडा गुणिले २.५४, भागिले डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके). १:५००० आणि २०० डीपीआय धरलं तर ६३.५ सेंमी, म्हणजे ५० सेंमीची सॅटेलाइट इमेज पुरून उरते. १:१००० हवं असेल तर पावणेतेरा सेंमी, तिथे ड्रोनचाच डेटा लागेल. ३०० डीपीआयचा हट्ट भिंतीवरच्या फोटोला कशाला? ३६ बाय ४८ इंच ३०० ला काढलं तर साडेपंधरा कोटी पिक्सेल, ४५० एमबीच्या वर फाइल, आणि मशीन अर्ध्यावर 'प्रोसेसिंग' म्हणत बसतं. २०० पुरे. वर ट्रान्सपरंट लेअर असतील तर आधी सगळं फ्लॅट करून, म्हणजे एकाच थरात आणून, टिफ फाइल काढा.

फोटो बाँड पेपरवर काढूच नका, शाई जास्त बसते, कागदाला लाटा येतात आणि वर आलेली कड हेडला (शाई सोडणाऱ्या भागाला) घासते, मग काळा ओरखडा अख्ख्या रुंदीत. कमीत कमी जाड कोटेड, चांगलं काम असेल तर १९० जीएसएमच्या पुढचा सॅटिन. रंग एकतर सॉफ्टवेअरला सांभाळू दे नाहीतर ड्रायव्हरला, दोघांना नाही, दोघांनी हात घातला की ठाणे खाडीतली खारफुटी काळी ठिक्कर पडते. सावल्या थोड्या उचलून आधी एक वीतभर पट्टी काढा, तिच्यात खारफुटी, पाणी आणि टॉवरची सावली तिन्ही येऊ देत. उजेडात नेऊन बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. आणि ऑर्थो न केलेल्या, म्हणजे तिरकेपणा काढून सगळीकडे एकच स्केल न केलेल्या फोटोवर स्केलबार टाकू नका, लोअर परळचे टॉवर बाहेरच्या बाजूला झुकलेले दिसत असतील तर आधी ऑर्थो केलाय का ते विचारून घ्या.

प्रिंटवर पट्टे आले तर आधी नोझल चेक (शाईची सगळी भोकं चालतात का ते), मगच क्लीनिंग, तेही साधंच, कारण डीप क्लीनिंग शाई नुसती गटकतं. गणपतीत दुकान बंद असलं तरी मेन स्विच बंद करू नका, स्लीपवर ठेवा म्हणजे मशीन अधूनमधून हेड स्वतः साफ करतं. लॅमिनेशन पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच, ओली शाई आत अडकली की फुगे येतात. द्यायच्या वेळी फोटोवर बटर पेपर ठेवून जाड ट्यूबमध्ये सैल गुंडाळा, आणि गिऱ्हाईक लोकलने जाणार असेल तर दोन्ही टोकांना झाकण लावून वर टेप मारा.