राउटरचं पान उघडत नाही? रिसेट मारण्याआधी हे तपासा

इंटरनेट बंद असणं ही एक तक्रार आणि राउटरपर्यंतच पोहोचता न येणं, म्हणजे ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पानच न उघडणं, ही दुसरी. पहिलीतला बिघाड बऱ्याचदा घराबाहेर असतो. दुसरीतला तुमचं उपकरण आणि राउटर यांच्या मधल्या काही मीटरांतच असतो, आणि तो घरच्या घरी सापडतो. तरी दोन्हींवर सर्रास एकच उपाय केला जातो: टाचणी घ्यायची आणि रिसेटचं बटण दाबून धरायचं. त्याने राउटरमधली सगळी सेटिंग्ज पुसली जातात, कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड जातो, आणि दोष केबलमध्ये असेल तर तो जिथल्या तिथेच राहतो. म्हणून रिसेट अगदी शेवटी. आधी गाडी नेमकी कुठे अडलीय ते शोधा.

पत्ता बरोबर आहे का?

राउटरचा पत्ता अंदाजाने टाकू नका. १९२.१६८.१.१ सगळ्यांच्या तोंडी बसलेला आहे, पण १९२.१६८.०.१, १९२.१६८.५०.१, १९२.१६८.८८.१, १०.०.०.१ असे पत्तेही राउटरवर असतात. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर कारखान्यातला पत्ता छापलेला असतो. मधल्या काळात कोणी तो बदलला असेल तर स्टिकर कामाचा नाही. खरा पत्ता तुमच्या उपकरणालाच विचारा.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या आणि जे कनेक्शन चालू आहे त्याच्याखाली 'डीफॉल्ट गेटवे'समोर काय दिसतंय ते बघा. गेटवेचा पत्ता म्हणजेच राउटरचा पत्ता. आयफोनवर वाय-फायच्या यादीत नेटवर्कच्या नावापुढचं 'आय' चिन्ह दाबलं की खाली 'राउटर' अशी ओळ असते. अँड्रॉइडवर त्याच नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' दिसतो. लिनक्सवर 'आयपी राउट' दिल्यावर 'डीफॉल्ट व्हाया'च्या पुढचा पत्ता घ्या.

हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा. देवनागरी आकडे टाकले तर ब्राउझर तो पत्ता मानत नाही, सरळ सर्च करायला जातो. पत्त्याच्या आधी 'एचटीटीपी', कोलन आणि दोन तिरक्या रेघा स्वतः टाका. आजकालचे ब्राउझर आपणहून 'एचटीटीपीएस' (त्याचा सुरक्षित प्रकार) करून बघतात आणि जुन्या राउटरला ते जमत नाही. उलट नव्या राउटरवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना येते. राउटरने स्वतःच तयार केलेलं प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखीचं नसतं, म्हणून ती येते. टाकलेला पत्ता आणि गेटवेचा पत्ता एकच असेल तर पुढे जायला हरकत नाही.

काही कंपन्या आकड्यांऐवजी लक्षात राहील असं नाव देतात. ते नाव त्या राउटरचा स्वतःचा डीएनएस (नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणारी सेवा) तेवढा ओळखतो. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल, व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) असेल किंवा उपकरणात बाहेरचा डीएनएस भरलेला असेल, तर ते नाव उघडणार नाही. अशा वेळी आकडेच टाका.

घरात दोन राउटर असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवण्यापुरता, असेल तर गेटवे म्हणून मुख्य राउटरच दिसतो. दुसऱ्याला त्याचा पत्ता बहुतेक वेळा मुख्य राउटरनेच दिलेला असतो. तो मुख्य राउटरच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडेल.

तुमच्या उपकरणाला कोणता पत्ता मिळालाय?

त्याच आयपीकॉन्फिगमध्ये 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ बघा. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर उपकरणाने पत्ता मागितला आणि कोणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. त्या पत्त्यावरून राउटरचं पान उघडत नाही. राउटरचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सेवा) बंद आहे किंवा मागणी तिथवर पोहोचतच नाही, या दोनपैकी एक कारण असतं.

पत्ता गेटवेच्या जातीचाच नसेल, म्हणजे गेटवे १९२.१६८.१.१ आणि तुमचा १९२.१६८.०.२५, तर कोणीतरी हाताने भरलेला जुना पत्ता तसाच राहिला आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तो 'ऑटोमॅटिक'वर टाका. व्हीपीएन चालू असेल तर तपासणी होईपर्यंत बंद ठेवा.

फोनवरून प्रयत्न करत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि मग राउटरचा पत्ता घराबाहेरच्या नेटवर्कमध्ये शोधत बसतो. 'गेस्ट' नेटवर्कला जोडलेलं असेल तरीही पान उघडणार नाही. पाहुण्यांना राउटरपासून लांब ठेवणं हेच त्याचं काम. राउटरवर मॅक फिल्टर (मॅक ॲड्रेस म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक; फिल्टर यादीतल्यांनाच आत घेतो) लावलेला असेल आणि फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला मॅक ॲड्रेस वापरत असेल, तर यादीतला फोनही राउटरला अनोळखी वाटतो. फोनमध्ये त्या एका नेटवर्कपुरता खरा मॅक निवडा.

पिंग मारा आणि उत्तर नीट वाचा

पत्ता जुळतो, तरी पान उघडत नाही. आता पिंग मारा, म्हणजे राउटरला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग', एक जागा आणि राउटरचा पत्ता. इथे नुसतं 'पिंग आला' किंवा 'नाही आला' एवढंच बघून पुढे जाऊ नका. न येण्याचेही प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या जागी बोट दाखवतो. विंडोजवरचे संदेश धरून सांगतो.

'जनरल फेल्युअर' आलं तर पॅकेट (पाठवलेला संदेश) तुमच्या कॉम्प्युटरमधून बाहेरच पडलेलं नाही. नेटवर्क कार्ड बंद आहे, ड्रायव्हर अडकलाय किंवा व्हीपीएनच्या सॉफ्टवेअरने रस्ता अडवलाय. राउटरला हात लावायचं कारण नाही.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर ते उत्तर कोणाच्या पत्त्यावरून आलंय ते बघा. बहुतेक वेळा तो तुमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता असतो. कॉम्प्युटरने नेटवर्कवर विचारलं, 'हा पत्ता कोणाचा?' आणि कोणीच 'माझा' म्हणालं नाही. म्हणजे केबल, वाय-फायचा दुवा, चुकलेला पत्ता किंवा पूर्ण गोठलेला राउटर.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' याचा अर्थ बऱ्याचदा उलटा घेतला जातो. यात राउटर बंदच आहे असं नाही. तो नेटवर्कवर सापडलेला असू शकतो, फक्त पिंगला उत्तर देत नाही. काही राउटरवर तसं सेटिंगच केलेलं असतं. खात्रीसाठी एआरपीचा तक्ता (कोणता पत्ता कोणत्या मॅकचा याची कॉम्प्युटरमधली यादी) बघा: 'एआरपी', एक जागा, वजाचं चिन्ह आणि लगेच 'ए' हे अक्षर. त्यात राउटरच्या पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस दिसत असेल तर तारेपर्यंत सगळं ठीक आहे.

आणि पिंगला व्यवस्थित उत्तर येत असेल तर नेटवर्क धडधाकट आहे, राउटरमधला पान दाखवणारा भाग तेवढा अडकलाय. ब्राउझर लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणत असेल तर त्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, केबलचं भोक नव्हे) कोणी ऐकतच नाही: पानाचा पोर्ट बदललेला असेल (पत्त्यामागे कोलन टाकून ८०८० किंवा ८४४३ जोडून बघा), किंवा ती सेवा बंद पडली असेल. बराच वेळ फिरत राहून थांबत असेल तर फायरवॉल (जोडणी अडवणारा पहारा) किंवा 'फक्त केबलवरून प्रवेश' असं सेटिंग असू शकतं. काही राउटर एका वेळी एकालाच लॉगिन देतात, तेव्हा दुसऱ्या फोनवर त्याचं ॲप उघडं नाही ना तेही बघा. ब्राउझरमधला प्रॉक्सी (मधला सर्व्हर) बंद करा आणि खासगी विंडोत उघडून पाहा.

एआरपीच्या तक्त्याचा आणखी एक उपयोग फार मोलाचा आहे. तिथला मॅक ॲड्रेस राउटरच्या स्टिकरवरच्या मॅकशी ताडून बघा. शेवटचा एखादा आकडा वेगळा असला तर चिंता नको, कारण राउटरच्या प्रत्येक बाजूचा मॅक वेगळा असतो. पण सुरुवातीची सहा अक्षरंसुद्धा जुळत नसतील, तर तोच पत्ता घरातलं दुसरंच उपकरण घेऊन बसलंय. नवा जोडलेला राउटर किंवा पत्ता हाताने भरलेला कॅमेरा हे नेहमीचे संशयित. बाकीच्या केबल्स एकेक करून काढा, प्रत्येक वेळी पुन्हा पिंग मारून तक्ता बघा. ज्या केबलनंतर मॅक बदलला, तो चोर.

केबल लावून बघा

वाय-फायवर अडलं की केबल लावणं हा सगळ्यात सरळ मार्ग. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि केबल राउटरच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावा. वेगळ्या रंगाचा एकटा पोर्ट वॅनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा, असतो. त्यात लावलं तर पान उघडणार नाही. पोर्टचा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर आधी केबल बदला, मग पोर्ट. विजेच्या झटक्याने एखादाच पोर्ट मरतो आणि बाकीचे चालू राहतात.

दिवा लागला पण जोड १०० एमबीपीएसच दाखवतेय, आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत? केबलमधल्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली असावी. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चार पुरतात. अशी केबल आज चालते, उद्या हलवली की बंद पडते.

सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील तर कुठेतरी फेरा झालाय: एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये (अनेक नेटवर्क केबली एकत्र जोडणाऱ्या डब्यात) गेलीत किंवा दोन स्विच दोन केबलींनी जोडलेत. तीच पॅकेट्स गोल फिरत राहतात आणि राउटरला उसंत मिळत नाही. एक टोक काढलं की काही सेकंदांत सगळं सुरळीत होतं.

केबल लावूनही १६९.२५४ वालाच पत्ता येत असेल तर हाताने भरा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर पत्ता १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. पान उघडलं तर डीएचसीपी चालू करा. काम झाल्यावर लॅपटॉप आठवणीने पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर आणा.

मोडेम किंवा फायबरच्या डब्यामागे नवा राउटर जोडलाय आणि वॅनची केबल लावली की पान गायब, काढली की हजर? दोन्ही डबे एकाच १९२.१६८.१.१ वर आहेत. वॅनची केबल काढून ठेवा, नव्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा, तो पुन्हा सुरू झाला की केबल लावा.

वीज

दिवे लागतात म्हणजे वीज पुरेशी आहे असं नाही. जुना झालेला अडॅप्टर दिवे लावण्यापुरता पुरतो. वाय-फाय जोरात चालू झालं की व्होल्टेज पडतं आणि राउटर मध्येच पुन्हा सुरू होतो. मल्टीमीटरवर, राउटर न जोडता मोजलं तर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, म्हणून ती मोजणी फसवी. दुसरा अडॅप्टर लावून बघणं जास्त खात्रीचं. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, आणि पिनचं धन-ऋण चिन्ह जुळलंच पाहिजे. पिनचा बाहेरचा व्यास ५.५ मिमी असला तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी असतं; चुकीची पिन कधी बसतेही, पण ढिली राहते.

राउटर बंद-चालू करताना अडॅप्टर काढून ३० सेकंद थांबा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमधला भार उतरतो. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं द्या. मोडेम वेगळा असेल तर आधी तो, मग राउटर.

रिसेट मारायचाच असेल तर

आधी चार गोष्टी कागदावर हव्यात: पीपीपीओईचं (कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम, त्याचा पासवर्ड, असल्यास व्हीलॅनचा (कंपनीच्या नेटवर्कमधल्या तुमच्या मार्गिकेचा) क्रमांक, आणि वाय-फायचं नाव-पासवर्ड. फायबरचा डबा सेवा देणाऱ्या कंपनीचा असेल तर तिला विचारल्याशिवाय रिसेट करू नका. त्यातली नोंदणी पुसली गेली तर ती कंपनीकडूनच पुन्हा करून घ्यावी लागते.

राउटर चालू असताना बटण साधारण १० सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरा. लवकर सोडलं तर नुसता रीस्टार्ट होतो, आणि रिसेट-डब्ल्यूपीएसचं एकच बटण असलेल्या राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने वाय-फाय जोडण्याची सोय) सुरू होतं. नंतर केबल लावून स्टिकरवरच्या पासवर्डने आत जा. वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलात तर घरातली बाकीची उपकरणं आपोआप जोडली जातील.

रिसेटनंतरही पान नाही आलं तर एक तपासणी उरते. लॅपटॉपला हाताने पत्ता भरा, सतत चालणारा पिंग लावा (पत्त्यानंतर एक जागा, वजाचं चिन्ह आणि 'टी') आणि राउटर चालू करा. लॅपटॉप आणि राउटर यांच्या मध्ये साधा स्विच ठेवा, नाहीतर लॅपटॉपचा पोर्ट जागा होईपर्यंत पहिली उत्तरं निसटतात. सुरुवातीच्या काही सेकंदांत दोन-चार उत्तरं येऊन पुन्हा शांतता झाली, तर बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जिवंत आहे आणि फर्मवेअर (राउटरचं मुख्य सॉफ्टवेअर) बिघडलंय. कंपनीच्या रिकव्हरीच्या पद्धतीने ते पुन्हा भरता येतं. मात्र फाइल घेताना मॉडेलच्या नावाबरोबर स्टिकरवरचा हार्डवेअर व्हर्जनही जुळवा. एकाच नावाच्या राउटरच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल गेली तर बूटलोडरही हातचा जाऊ शकतो.