नांगर जोडण्याआधी या चुका टाळा: एका मिस्तरीची तक्रार

पऱ्हाटी उपटून झाली, तूर घरात आली, की आमच्या भागात नांगरटीचे वारे सुरू होतात. ट्रॅक्टरवाले पलटी नांगर कोपऱ्यातून ओढून काढतात, पाना घेऊन चार बोल्ट आवळतात आणि निघतात वावरात. गॅरेजला येतात ते आठवड्याभरानंतर, आणि तेही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून आणून.

भारी काळी जमीन उन्हाळ्यात कशी होते हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. भेगांत हात जातो आणि नांगराखालून निघालेलं ढेकूळ दोन हातांनी उचलावं लागतं. ट्रॉली ओढताना किंवा फवारणी करताना ट्रॅक्टरला असा ताण कधीच पडत नाही. म्हणून दिवाळीत ठणठणीत चालणारा ट्रॅक्टर एप्रिलमध्ये सगळी दुखणी एकदम बाहेर काढतो. त्यात वर 44-45 अंशांचं ऊन आणि चहूकडे पिठासारखी धूळ.

एअर क्लिनर: वाटी धुतली म्हणजे झालं, हा समज

एअर क्लिनर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा डबा, आणि वाटी म्हणजे त्याच्या तळाची, धूळ धरणाऱ्या तेलाची. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे उघडायला येणाऱ्या इंजिनांत सगळ्यात जास्त इंजिनं धुळीनं मेलेली असतात.

मागे शेजारच्या गावचा एक पोरगा नवा ट्रॅक्टर घेऊन आला. नवा म्हणजे हप्ते सुरू असलेला. मडगार्डवर दोन मोठे स्पीकर, समोर फुलांच्या माळा, काचेसारखा चमकणारा बोनेट. तक्रार एकच: "भाऊ, तेल लय पिऊन राह्यला हा. दर दोन दिवसाले लिटरभर टाकाव लागते."

ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धूर भकाभका येत होता. मी विचारलं, एअर क्लिनर कधी साफ केला? पोरगा चिडलाच. "वाटी त मी रोज धुतो भाऊ! इचारा माह्या बापाले." वाटी खोलली. खरंच स्वच्छ. तेल नवं, खुणेपर्यंत बरोब्बर. पोरगा खोटं बोलत नव्हता.

मग क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप पाहिला. खालच्या बाजूला, जिथे वरून नजर जात नाही तिथे, वीतभर चिरलेला. क्लिप केव्हाच हरवलेली, तिच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली आणि चिरीवर वीजवाल्यांची काळी चिकटपट्टी. उन्हानं पट्टीचा गोंद वितळून ती सैल झाली होती. पाइप काढून आत बोट फिरवलं तर बोटाला बारीक माती. म्हणजे सगळी धूळ वाटीला वळसा घालून थेट सिलिंडरात जात होती, आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी इमानेइतबारे वाटी धूत होता.

इंजिन उघडलं तेव्हा लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) वरच्या टोकाला नखाला अडकेल एवढी कड पडलेली. रिंगा पात्यासारख्या पातळ. एका हंगामात! पिस्टन, लायनर, रिंगा, सगळा संच बदलला. त्याच पैशात असे पाइप त्याला गाडाभर आले असते. पाइप बदलायची आठवण त्याच्या ड्रायव्हरनं दोनदा केली होती म्हणे, पण "सीझन संपू दे, मग पाहू" असं उत्तर मिळालं. सीझन संपायच्या आधी इंजिन संपलं.

तर माझी सवय सांगतो. नांगरट सुरू होण्याआधी क्लिनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (जिथून हवा इंजिनात शिरते तिथपर्यंतचा) सगळा रबरी पाइप काढून, वाकवून, उजेडात धरून पाहायचा. थोडी जरी चीर दिसली तरी नवा टाकायचा. क्लिप स्क्रूची घ्यायची, तार नाही. मग परीक्षा: टर्बो नसलेलं साधं इंजिन मंद गतीवर चालू ठेवायचं आणि क्लिनरचं तोंड सपाट लाकडी फळीनं पूर्ण झाकायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालतच राहिलं, तर हवा दुसरीकडून कुठून तरी घुसते आहे. शोधा. सापडेपर्यंत वावरात जाऊ नका.

तेलाच्या वाटीबद्दल एवढंच: नांगरटीत रोज उघडा. तेल खुणेपर्यंतच, आणि इंजिनातून काढलेलं काळं तेल नको. "जरा जास्त टाकलं तर जास्त धूळ धरेल" असं समजून काठोकाठ भरणारे असतात. ते जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं आणि आपोआप वेग वाढवत सुटतं, मग चावी काढूनही ऐकत नाही.

कोरडा, कागदी फिल्टर असेल तर तो टायरवर आपटू नका. मी डोळ्यांनी पाहतो, लोक चपाती झटकल्यासारखा आपटतात. कडेचं रबर वाकडं झालं की फिल्टर असून नसल्यासारखा. हवा मारायची ती कमी दाबानं, आतून बाहेर. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो.

बोअरचं पाणी आणि गरम होणारं इंजिन

अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथलं बोअरचं पाणी माणूस पीत नाही, पण रेडिएटरमध्ये बिनधास्त ओततो. खाली क्षार बसतात, नळ्या बंद होतात, आणि मे महिन्यात काटा लाल रेघेवर. कूलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात, त्यात मिसळायचं पाणी शुद्ध. खारपाणपट्ट्याबाहेरही बोअरचं पाणी जडच असतं, तेव्हा यवतमाळ-वर्धेच्या लोकांनी फार खूष होऊ नये.

रेडिएटरची जाळी बाहेरूनही पाहा. कापसाचे तंतू, सोयाबीनचं भुसकट, वाळका पाला, सगळं तिथे जमतं. हवा पंख्याच्या बाजूनं बाहेर मारायची, समोरून मारली तर कचरा आणखी आत रुततो.

गरम होतो म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकणारे मिस्तरी आहेत. माझ्याच धंद्यातले. त्यांना नमस्कार. आजार तसाच राहतो, वर थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि झीज वाढते. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं. सावलीत उभा करा, मंद चालू ठेवा, झाकणाला हात लावू नका.

सगळा वेळ लिव्हरवर हात

सीटशेजारी लिफ्टचे दोन लिव्हर असतात. नव्या पोरांना त्यातला एकच माहीत असतो. वर-खाली करायचा, म्हणजे पोझिशनचा. दुसरा, ड्राफ्टचा म्हणजे ओढीचा, धूळ खात पडलेला. मग होतं काय, जमीन कडक लागली की इंजिन घोरतं, चाकं जागच्या जागी फिरतात, ड्रायव्हर हातानं नांगर उचलतो, परत सोडतो, परत उचलतो. तास वाकडं, खोली कुठे वीतभर तर कुठे चार बोटं. एकाला म्हटलं, "हात कायले ठेवून राह्यला त्याच्यावर?" तर म्हणे, "भाऊ, हात काढला की रुतते ना."

नांगराला ड्राफ्ट कंट्रोलच लागतं. ओढ वाढली की टॉप लिंकमार्फत (नांगराला वरून धरणाऱ्या दांड्यामार्फत) लिफ्टला ती कळते, लिफ्ट नांगर किंचित उचलते आणि ओढ कमी झाली की खाली सोडते. तुमच्या हातापेक्षा हे लवकर होतं. पोझिशन रोटाव्हेटर वगैरेसाठी ठेवा. बहुतेक ट्रॅक्टरांत पोझिशनचा लिव्हर पूर्ण खाली सोडून ड्राफ्टनं खोली धरायची असते. तुमच्या मॉडेलची रीत पुस्तकात दिलेली आहे. ते पुस्तक सीटखालच्या डब्यात पॅकिंगसकट पडलेलं असतं, मी पैजेवर सांगतो.

टॉप लिंक फार आखूड केली तर नांगर नाक खुपसतो, फार लांब केली तर फाळ जमिनीत शिरतच नाही. नांगर लागत नाही म्हणून वर दगड ठेवण्याआधी किंवा माणूस बसवण्याआधी टॉप लिंकचे दोन आटे फिरवून पाहा. आणि फाळ लोहाराकडून पाजवून आणा किंवा बदला. बोथट फाळानं नांगरणं म्हणजे डिझेल जाळणं.

चाकं किती घसरतात ते मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूची खूण करा. नांगर लावून चाकाचे 10 फेरे जेवढं अंतर जातं तेवढं मोजून ठेवा. मग नांगर उचलून तेवढ्याच अंतरावर फेरे मोजा. साडेआठ ते नऊ भरले तर घसरण 10 ते 15 टक्के, ठीक आहे. सात भरले तर 30 टक्के. टायरमध्ये पाणी भरा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून भरलं की साधारण 75 टक्के भरतं. नाहीतर नांगर तुमच्या ट्रॅक्टरला मोठा आहे, हे मान्य करा. शेजाऱ्यानं घेतला म्हणून आपणही तोच घ्यायचा, या हौसेला माझ्याकडे औषध नाही.

पुढचं वजन

नांगर उचलला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. नांगर उचललेला असताना पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या निदान 20 टक्के भार हवा. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाकं चढवून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. कमी भरलं तर कंपनीची वजनं लावा. बंपरवर पोरगं बसवू नका. याला जुगाड म्हणायचं नाही, पोलीस केस म्हणायचं.

रुतलेला दुसरा ट्रॅक्टर ओढताना साखळी खाली ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीलाच. टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या एक्सलला बांधली, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही.

पेचकसनं स्टार्ट

स्टार्टर खराब झाला की खाली उभं राहून पेचकसनं टर्मिनल जोडायचे, हे आमच्याकडे शौर्य समजलं जातं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होताच उभ्या माणसाच्या अंगावरून जातो, कारण गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ न देणारा सुरक्षेचा स्विच अशा वेळी मधे येतच नाही. स्टार्टर, स्विच दुरुस्त करा. माझ्या गॅरेजसमोर कुणी पेचकस लावला तर मी काम न करता परत पाठवतो, मग तो सरपंच असो की साला.

बाकीचं पटापट

लिंच पिनच्या (नांगराची जोडणी निसटू न देणाऱ्या पिनच्या) जागी खिळा नको.

शिअर बोल्ट (दगड लागला की मुद्दाम तुटणारा) तुटतो म्हणून जाड पोलादी बोल्ट टाकलात, तर पुढच्या वेळी दगडाला बोल्टऐवजी नांगराचा सांगाडा वाकेल.

नांगरताना चेकचेन (खालच्या दांड्यांना आडवं हलू न देणारी साखळी) जराशी ढिली, रस्त्यावर घट्ट.

नव्या किंवा खोललेल्या नांगराचे बोल्ट तासाभराच्या कामानंतर परत आवळा. हे कुणीच करत नाही.

हायड्रॉलिकचं तेल दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय. नुसतं वर तेल टाकून काही होणार नाही, सगळं काढा.

ड्रममधलं डिझेल हलवून आणल्या आणल्या टाकीत ओतू नका, रात्रभर थिरू द्या. तळाचं ड्रममध्येच राहू द्या.

क्लचवर पाय ठेवून नांगरणाऱ्यांनो, तुमच्यामुळे माझं घर चालतं, धन्यवाद.

पांदणीवरून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडा. वावरात वळताना सुटे ठेवलेले असतात, आणि रस्त्यावर जोरात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. रात्री घरी आल्यावर नांगर हवेत लटकवून ठेवू नका, जमिनीवर टेकवा. फाळाला आणि पलटीच्या पंख्याला जुनं तेल फासा. सकाळी सहाला निघायचं असेल तर वाटी रात्रीच धुवा, कारण सकाळी तुम्ही ती धुणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.